शेवाळ कुणी बदललं

१

मे महिन्यात आमच्या बेटावर मोठ्यानं बोलायची बंदी असते. हातोडा मारायचा नाही, धुणं बाहेर वाळत घालायचं नाही, दार आपटायचं नाही. खळखळून हसू आलंच तर घरात पळायचं आणि उशीत तोंड खुपसून हसायचं. त्या वर्षी मी दिवसातून दहादा उशीत तोंड खुपसत होते, कारण आमच्या या स्केलवेर बेटावर नऊ वर्षांनी बदकं आली होती. तीही एकदोन नाहीत, तेवीस!

ही एडर बदकं पाळायची म्हणजे कोंडायची नाहीत. एरवी ती समुद्रावर असतात आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. वसंतात माद्या अंडी घालायला अंगणात येतात, त्यांना आपण घरं बांधून द्यायची. कुठे दगड रचून, कुठे वाहून आलेल्या फळ्या ठोकून, कुठे उलट्या होडीखाली. आत वाळवलेल्या शेवाळाचं अंथरूण घालायचं. मग महिनाभर कावळे, कुरव आणि गरुडांवर डोळ्यात तेल घालून पहारा. पिल्लं समुद्रात गेली की मादीनं स्वतःच्या छातीची उपटलेली मऊ लव घरट्यात उरते, ती रजया भरायला आपली. एवढाच व्यवहार, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. मग मिंक नावाचं मुंगसासारखं चोरटं जनावर बेटावर पोहत आलं आणि दोन वर्षांत आमचं अंगण ओस पडलं. शेवटचा मिंक मी गेल्या वर्षी सापळ्यात पकडला तेव्हा आनंदानं रडले होते.

मी योरुन. वय एकोणचाळीस, आणि पोट सहा महिन्यांचं. याआधी तीनदा दिवस राहिले होते आणि तिन्ही वेळा पाचवा महिना उलटला नाही. हे चौथं मात्र दणादण लाथा मारत होतं. माझा नवरा ऐलर्ट शहरात बोटींच्या इंजिनांचं काम करतो. मी बेटावर यावं हे त्याला नकोच होतं.

"दवाखाना दीड तासावर आहे, योरुन. बदकांचं काय एवढं? पुढच्या वर्षी येतील."

"नऊ वर्षांनी आलीत. त्यांना घरी कुणी नाही दिसलं तर पुन्हा येतील होय?"

"अगं, पण तू..."

"मी एका जागी बसून राहीन. तीही बसतात, मीही बसते."

शेवटी माझी ओदवेग आत्या मध्ये पडली. वय एक्क्याऐंशी, गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. "मी जाते हिच्याबरोबर," ती म्हणाली. "बदकं आणि ही, दोघींवर नजर ठेवते. जावईबापू, तुम्ही शुक्रवारच्या शुक्रवारी या आणि येताना कॉफी विसरू नका."

२

बसलेल्या बदकाजवळ जायची एक रीत आहे. सगळा मोसम तेच कपडे घालायचे, कारण बदक माणूस नाही ओळखत, कपडे आणि चाल ओळखतं. माझा कोपराला विरलेला तपकिरी स्वेटर आणि निळा रुमाल ठरलेला होता. ऐलर्टचा करडा स्वेटर धक्क्यावरच्या होडीघरात टांगलेला असे. तो घातल्याशिवाय त्यानं वर पाऊल टाकायचं नाही. चालताना हळू गुणगुणायचं. घराच्या दगडावर बोटानं दोनदा टकटक करायची, मग वाकायचं आणि तळहात वर करून बदकाखाली सरकवायचा. ओळखीचा हात असेल तर ते जरासं उचलतं स्वतःला. त्या उबेत अंडी चाचपून मोजायची, ओलं शेवाळ काढून कोरडं घालायचं, की ते पुन्हा बूड टेकतं. परका कुणी आला तर मात्र बाणासारखं सुटतं, आणि जाताना अंड्यांवर अशी घाण उडवतं की आठवडाभर हाताचा वास जात नाही. दोनदा असं झालं तर ते परत येईलच याचा भरवसा नसतो.

मे महिन्याच्या बाराव्या सकाळी मी टोपली घेऊन निघाले. पहिल्या सहा घरांत सगळं नेहमीसारखं होतं. सातवं घर उलट्या होडीखाली. रात्री पावसाची सर आली होती, म्हणजे तिथलं शेवाळ भिजलेलं असणार. टकटक केली, हात घातला, बदक उचललं गेलं. पाच अंडी. आणि खाली कोरडं, ताजं अंथरूण.

मी आधी खूश झाले. मग बोटांत थोडं घेऊन पाहिलं. आमचं शेवाळ तपकिरी, रुंद पट्ट्यांचं असतं. हे काळं होतं, केसासारखं बारीक, आणि फार मायेनं पिंजलेलं. असं शेवाळ आमच्या किनाऱ्यावर मी आजवर पाहिलेलं नव्हतं.

"आत्या, होडीखाली तू गेली होतीस?"

"गुडघ्यावर रांगत जाऊ की काय? मला बाथरूमला जायला काठी लागते."

"मग शेवाळ कुणी बदललं?"

"नीट बदललंय ना?" आत्यानं पावावर तपकिरी चीज ठेवलं. "मग तुझं एक काम वाचलं."

मी हसले. आत्या थट्टा करतेय, असंच वाटलं मला.

३

पुढच्या चार दिवसांत अकरा घरांतलं शेवाळ बदललं गेलं.

आता मी काही घाबरट बाई नाही. मी विचार केला. बदकं स्वतःच चोचीनं काडीकचरा ओढतात, हे शेवाळही त्यांनीच आणलं असेल. पण अंड्यांवर बसलेलं एडर बदक पंचवीस दिवस जेवायलासुद्धा नीट उठत नाही, ते शेवाळ कुठून पिंजून आणणार? मग वाटलं, कुणी शेजारी असेल. पण जवळचं वस्तीचं बेट होडीनं चाळीस मिनिटांवर. आणि परका माणूस अंगणात आला असता तर तेवीसच्या तेवीस बदकांनी आकाश डोक्यावर घेतलं असतं. बदकं शांत होती. खरं सांगायचं तर इतकी शांत बसलेली बदकं मी लहानपणीही पाहिली नव्हती. एकानं अंडं टाकलं नाही की एक घरटं सोडलं नाही.

होडीखालच्या घरात मी टॉर्च मारून पाहिलं. शेवाळ पुढून कोंबलेलं नव्हतं, मागून सरकवलेलं होतं. मागे खडक आहे आणि फट म्हणाल तर दोन बोटांची. माझा हात तिथे शिरत नाही. मी आडवी होऊन, पोट सांभाळत, तीनतीनदा प्रयत्न करून पाहिला.

एवढं कळूनही मला भीती कमी आणि हुरूप जास्त होता, हे कबूल करते. कुणीतरी माझ्या बदकांची काळजी घेत होतं! मी फोनवर ऐलर्टला सांगितलं तर तो म्हणाला, "आत्याच असणार. म्हातारी लबाड आहे."

"तिला ऐकू येतंय हं," मी म्हटलं.

"येऊ दे की!" मागून आत्या ओरडली आणि आम्ही दोघींनी उशीत तोंडं खुपसली.

४

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं अंगण दिसतं. दुपारी जेवण झाल्यावर मी तिथे खुर्ची टाकून दुर्बीण घेऊन बसायची. गरुड आला की दार उघडून हात हलवायचा, एवढंच काम.

त्या दिवशी ऊन लख्ख होतं. वारा पडला होता, समुद्र ताटासारखा सपाट. किनाऱ्यालगतच्या पहिल्या घरातलं बदक मी पाहत होते. त्यानं मान जराशी वळवली आणि स्वतःला उचललं. आधी डावीकडून, मग उजवीकडून. दोन-तीन श्वास तसंच राहिलं, मग हलकेच खाली बसलं आणि डोळे मिटले.

यात विशेष काही नाही. अंडी फिरवायला बदक उठतंच.

मग दुसऱ्या घरातलं बदक उठलं. आधी डावीकडून, मग उजवीकडून.

मग तिसऱ्या.

दुर्बीण हलू नये म्हणून मी कोपरं टेबलावर टेकवली. चौथं झालं, पाचवं झालं. ओळीनं! मी सकाळी ज्या क्रमानं जाते त्याच क्रमानं. प्रत्येक घरापाशी साधारण तेवढाच वेळ, जेवढा मला अंडी मोजायला लागतो. घरासमोर गवत होतं, ऊन होतं, आणि कुणीही नव्हतं. मी इतकी डोळे फाडून पाहत होते की डोळ्यांतून पाणी आलं, तरी पापणी मिटवेना. आत्याला हाक मारावी तर बदकं बिथरतील. अकरावं घर, बारावं घर. ते वर येत होतं. किनाऱ्यापासून घराकडे येत होतं.

तेविसावं घर आमच्या पायऱ्यांखाली आहे. ते खिडकीतून दिसत नाही. बाविसावं बदक खाली बसलं आणि मी दुर्बीण खाली ठेवली.

खालून दगडावर दोनदा टकटक झाली.

आत्या तेव्हा माझ्या मागच्या खोलीत घोरत होती. तिचं घोरणं मला त्या वेळीही ऐकू येत होतं.

५

पायऱ्यांखाली बदकांचं शेवटचं घर. त्यानंतर ओळीत पुढचं घर आमचं स्वतःचंच, हे माझ्या लक्षात यायला तीन दिवस लागले.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी ऐलर्ट आला होता, तो रविवारी परत गेला. त्याला मी दुर्बिणीतून पाहिलेलं सांगितलं होतं. तो हसला नाही, उलट फार प्रेमानं म्हणाला की थकवा असेल, आणि त्याचं ते प्रेमच मला टोचलं. सोमवारी दुपारी मी खोलीत आडवी झाले. कमरेखाली छान ऊब वाटत होती. आमची गादी जुनी आहे, मधोमध खड्डा पडलेला, तिथे नेहमी गार लागतं. मी उठून गादी उचलली.

खाली काळं, बारीक शेवाळ अंथरलेलं होतं. खड्ड्यापुरतंच, कडेनं गोलसर दाबून.

"आत्या!" मी बंदी विसरून ओरडले. "हे तू केलंस?"

आत्या काठी टेकत आली. तिनं पाहिलं, वाकून वास घेतला. "मी नाही केलं," ती म्हणाली. या वेळी आवाजात थट्टा नव्हती. "जागा ओली होती का?"

"नाही. ऊबदार आहे."

"मग?"

"मग काय मग? घरात कुणीतरी येतंय!"

"हळू बोल. पोटातलं दचकेल." ती पलंगाच्या कडेला बसली आणि माझ्या रुमालाची गाठ नीट करत राहिली. "बदक विचारतं का गं आपल्याला, तुम्ही कोण म्हणून? कपडे ओळखीचे, चाल ओळखीची, हात ऊबदार. त्याला तेवढं पुरतं. आणि बघ, अंडी कशी सुखरूप आहेत सगळी."

"मी बदक नाही, आत्या."

"नाहीच आहेस. बदक गप बसतं."

मी मूठभर शेवाळ उचललं. मग विचारलं, "पण आपण फुकट करतो का हे सगळं? आपण लव घेतो."

"पिल्लं गेल्यावर. आधी कोण हात लावतंय!" आत्या चिडली. आम्ही लहानपणी चिखलाच्या पायांनी घरात शिरलो की चिडायची तशीच.

मी ते शेवाळ खिडकीतून फेकून दिलं. मंगळवारी गादीखाली नवं होतं. आणि मंगळवारीच दुपारी मला अर्धवट जाग आली तेव्हा मी टाचांवर जोर देऊन कंबर पलंगावरून उचलून धरली होती. आधी डावीकडून, मग उजवीकडून. माझ्या पाठीखालून काहीतरी ऊबदार, रुंद, हळूच मागे सरकलं. मी खाली टेकले. आणि पोटातलं बाळ, जे दुपारी कधी म्हणजे कधी स्वस्थ बसत नाही, ते अगदी शांत पडून होतं.

मी ऐलर्टला फोन केला. "आत्ताच्या आत्ता ये," एवढंच म्हणाले, आणि हुंदका आवरला नाही.

६

त्याला होडी मिळायला बुधवारची दुपार उजाडली. बिचारा कामावरून तसाच सुटला होता. माझा रडका आवाज त्याच्या कानात होता, त्यामुळे होडीघरात टांगलेला करडा स्वेटर त्याच्या ध्यानातही आला नाही. अंगावर वर्कशॉपचं भडक नारिंगी जाकीट, पायात गमबूट. तसाच तो अंगणातून धावत सुटला.

"योरुन! योरुन!"

सबंध अंगण फुटल्यासारखं झालं. दोन्ही बाजूंनी बदकं उडाली, पंखांचा फडफडाट, किंकाळ्या, आणि तो उग्र वास. मी खिडकीत उभी होते. नारिंगी रंगाचं काहीतरी भलंमोठं माझ्या दिशेनं येत होतं. तो माझा नवरा आहे, हे मला कळत होतं. त्याचं नाव माझ्या जिभेवर होतं. तरी माझे पाय मागच्या दाराकडे पळाले! त्यांना मी सांगितलंच नव्हतं. उंबऱ्यात पोचले तोच पोटात अशी कळ आली की मी चौकट धरून खाली बसले.

ही कळ मला माहीत होती. तीनदा अनुभवलेली होती.

"बाहेर हो!" आत्यानं ऐलर्टवर काठी उगारली. "काढ आधी ते जाकीट. गाढवा, काय घालून आलास!"

"मी... तिनं बोलावलं म्हणून..."

"काढ म्हणते ना!"

त्यानं जाकीट दाराबाहेर भिरकावलं आणि धक्क्यावरून करडा स्वेटर घालून आला. तोवर आत्यानं सुईणीला फोन लावला होता. सुईण शांत बाई होती. एका कळेनं बाळंतपण सुरू होत नाही, ती म्हणाली. होडीत तर अजिबात बसवू नका, लाटांनी हबकेल. आडवं करा, हलू देऊ नका आणि घड्याळ लावा. तासाभरात दुसरी कळ आली तर मला कळवा, मी हेलिकॉप्टर पाठवते. नाही आली तर सकाळी दवाखान्याची मोठी बोट येऊन घेऊन जाईल.

"एक तास," ऐलर्ट म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "फक्त एक तास, योरुन. मग उद्या इथून निघायचं. परत यायचं नाही."

"हो," मी म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. "मला इथून ने."

७

सव्वासहा झाले होते. ऊन पलंगावर आडवं पडलं होतं. बाहेर एकेक बदक परतल्याचा आवाज येत होता. आत्या स्वयंपाकघरात कॉफी करत होती, तिची काठी फरशीवर वाजत होती. ऐलर्ट खिडकीपाशी स्टुलावर बसला होता, एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात फोन.

"वीस मिनिटं झाली," तो म्हणाला. "ठीक आहे ना?"

"ठीक."

पंचविसाव्या मिनिटाला कळ सुरू झाली. पाठीतून खालीखाली सरकत, हळूहळू आवळत. मी दात आवळले. मला हे बाळ हवं होतं. इतकं हवं होतं की देवाकडे मागायचीसुद्धा भीती वाटत होती. मी डोळे मिटले, आणि त्याच वेळी माझ्या कमरेखाली एक तळहात आला.

ऐलर्ट उठून आला असेल, असं वाटलं मला. किती बरं वाटलं सांगू! हात ऊबदार होता, मऊ होता, घाई नसलेला. मी स्वतःला जरासं उचललं. तो आत सरकला, थांबला, आणि चाचपू लागला. मोजत असल्यासारखा. कळ थबकली. मग मागे फिरली.

"तीस मिनिटं," ऐलर्ट म्हणाला.

त्याचा आवाज खिडकीकडून आला.

मी डोळे उघडले. तो स्टुलावरच होता. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात फोन. फरशीवर आत्याच्या काठीचा आवाज, किटलीची शीळ. माझ्या पाठीखालचा तळहात माझ्या दोन्ही कुशींना टेकेल एवढा रुंद होता, आणि तो भिंतीच्या बाजूनं आला होता. पलंग भिंतीला चिकटलेला आहे. मधे दोन बोटांची फट.

मला किंचाळायचं होतं. ऐलर्टनं एका झेपेत मला उचललं असतं. माझं अंग ताठ झालं, मी बाजूला सरकू लागले, अगदी तसूभर, आणि कळ सपकन परत आली. आधीपेक्षा मोठी. पोटात बाळ दचकून आकसलं ते मला स्पष्ट कळलं.

मी थांबले. कळही थांबली.

पुन्हा एकदा करून पाहिलं. माझी बुद्धी मला सांगत होती, हा योगायोग आहे, करून बघ. मी केसभर सरकले आणि ती पुन्हा आली. मी पुन्हा जागच्या जागी टेकले, तेव्हा ती गेली.

लव कधी घ्यायची ते आत्यानं सांगितलं होतं, पिल्लं गेल्यावर. माझं पिल्लू जन्मायला अजून बारा आठवडे होते. बारा आठवडे तरी कुणी मोबदल्याला हात लावणार नव्हतं. आणि सकाळची बोट? या हातावरून मला उचलून त्या बोटीत ठेवलं तर काय होईल, हे मला आता ठाऊक होतं.

"काय झालं?" ऐलर्ट उठून उभा राहिला. "कळ आली का? खरं सांग. हेलिकॉप्टर बोलावू?"

त्याचा अंगठा फोनवर होता. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मला रडू येत होतं. या माणसानं तीन वेळा माझ्याबरोबर दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी येऊन, मी झोपल्यावर भांडी घासली होती. त्याच्याशी मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते.

"नको," मी म्हटलं. "कळ नाही. बरं वाटतंय मला."

"नक्की?"

"नक्की. बस तू. आणि ऐक, उद्याच्या बोटीला नको म्हणून सांग. मी इथंच राहते."

तो काहीतरी बोलणार होता, पण मी हसले. खरंच हसले. पाठीखालची ऊब हळूहळू पोटापर्यंत चढत होती, आणि आत बाळानं आळस दिल्यासारखी एक लाथ मारली. मी त्या हातावर माझं सगळं वजन सोडून दिलं.